काट्यावरचा फोटो

श्रीगोंद्याच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्यात आमच्या कंपनीनं कॉम्प्युटर बसवले, तेव्हा मशीन खोक्यातून बाहेर निघायच्या आधी चेअरमनसाहेबांचा फोटो येऊन पोचला होता. फोटो रंगीत, फेटा गुलाबी, हात जोडलेले. तो स्कॅन करून वजनकाट्यावरच्या स्क्रीनवर टाकायचा, म्हणजे उसाची गाडी काट्यावर चढली की गाडीवानाला साहेबांचं दर्शन घडेल, अशी संचालक मंडळाची इच्छा होती. गाडीवान पहाटेपासून रांगेत उभा, बैलांच्या तोंडाला फेस, आणि अशा माणसाला कसली उणीव भासत असेल तर ती साहेबांच्या दर्शनाची, याबद्दल मंडळात एकमत होतं. दुसऱ्या कुठल्या विषयावर तिथे एकमत झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

आमची कंपनी म्हणजे नगरला दिल्ली गेटजवळ एका दातांच्या डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक मालक आणि आम्ही तिघं. मी कर्जतकडची. पुण्याला इंजिनिअरिंग करून परत आले होते, आणि परत आले म्हणजे नक्की नापास झाली असणार, हे गावानं आपापसात ठरवून टाकलं होतं. नव्वदीचं दशक संपत आलेलं. मालकांना ‘फुकट’ या शब्दाचं भारी प्रेम. एका मासिकाबरोबर सीडी आली, तिच्यावर एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम फुकट होती, आणि मालकांनी तीच कारखान्याला बसवली. तिचा सगळा कोड उघडा होता, कुणालाही वाचता येईल असा. वाचायचा कुणी, हा प्रश्न मालकांना पडला नाही, कारण मी होते.

मांडणी साधी होती. ऑफिसात मोठा कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर. तिथून आवारातून जाड काळी केबल काट्याच्या खोलीत, आणि तिथे एक छोटा कॉम्प्युटर. वजनाच्या सगळ्या फाइली राहायच्या सर्व्हरवर, पण काट्यावरच्या कॉम्प्युटरला वाटायचं की त्या आपल्याच पोटात आहेत. असं वाटायला लावणाऱ्या व्यवस्थेला नेटवर्क फाइल सिस्टीम म्हणतात, आणि तिचा जो भाग काट्याच्या बाजूला बसतो त्याला क्लायंट. घर सासऱ्याचं, पण घरजावयाला ते आपलंच वाटतं, तशातली गत. चालतं तोवर छान चालतं.

फोटोचं मात्र पहिल्याच दिवशी बिनसलं. गळीत हंगामाची पहिली मोळी टाकायच्या कार्यक्रमाला चेअरमनसाहेब स्वतः काट्याच्या खोलीत आले. फोटो सर्व्हरवर, तो केबलमधून येणार, त्यामुळे तो वरून खाली ओळीओळीनं उलगडत आला. आधी फेटा आला. मग कपाळ आलं. कपाळावर तो जरा थांबला, कारण नेमकं त्याच वेळी ऑफिसात कुणीतरी मोठा रिपोर्ट छापायला टाकला होता. साहेब स्वतःच्या कपाळाकडे बघत उभे राहिले आणि त्यांच्यामागे सगळं मंडळ उभं राहिलं. एका संचालकांनी आमच्या मालकांना दंडाला धरून बाजूला नेलं आणि विचारलं, “सायेबांना डोळं यायला एवढा येळ लागतो व्हय?”

त्याच आठवड्यात मालकांनी मला तो फोटो काट्यावरच्या मशीनच्या मेमरीत कायमचा ठोकून ठेवायला लावला. काही होवो, तो तिथून हलायचा नाही. मशीनची मेमरी मुळात बेताची, त्यातली बरीचशी आता फेट्यानं आणि जोडलेल्या हातांनी अडवली. दर्शन झटक्यात घडू लागलं. मंडळ खूश झालं, आणि आम्हाला प्रत्येकी एक शाल मिळाली. ती मी अजून वापरलेली नाही.

मग गर्दीचे दिवस आले आणि काटा बंद पडू लागला.

बंद पडणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. उसाची गाडी काट्यावर दोनदा येते. आधी भरलेली, मग गव्हाणीत, म्हणजे मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस उतरवून रिकामी. दोन वजनांतला फरक तो ऊस. दुपारी गाड्यांची रीघ लागली की मधेच कॉम्प्युटर थिजायचा. एरर नाही, आवाज नाही, एखादा हताश दिवासुद्धा नाही. कळ दाबली तर काही होत नसे. फोटो तेवढा हसतमुख, कारण तो मेमरीत ठोकलेला. शेवटी मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागे, आणि तसं केलं की नुकतीच टाकलेली वजनं गायब झालेली असत. ती काट्यावरून निघालेली, पण ऑफिसात न पोचलेली. तोवर ऊस गव्हाणीतून मिलमध्ये गेलेला, त्याचा रस निघालेला. रस मोजून तर परत ऊस होत नाही. गाडीवान रिकामी गाडी घेऊन काट्यावर यायचा आणि कॉम्प्युटर म्हणायचा, कसली गाडी?

काट्यावर बसणारा क्लार्क जवळच्याच गावच्या बौद्धवस्तीतला होता, बी.कॉम. झालेला. त्याचे वडील याच कारखान्याच्या गव्हाणीवर हंगामी मजूर होते, आणि घरात पर्मनंट झालेला हा पहिला. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं, बोलणं बेताचं. पहिल्यांदा मशीन थिजलं आणि वजनं गेली, तेव्हा एका गाडीवानाचं नुकसान होऊ नये म्हणून त्यानं आठवणीतलं वजन टाकलं. पुढे आठवणीवर विसंबायला नको म्हणून तो प्रत्येक भरलेल्या गाडीचं वजन बॉलपेननं डाव्या तळहातावर लिहू लागला. गाडी रिकामी होऊन परत आली की अंगठ्यानं पुसायचा. संध्याकाळी त्याचा तळवा निळा झालेला असायचा.

हा तळवा एका संचालकांनी पाहिला. तेच ते, डोळे यायला वेळ लागतो म्हणणारे.

आता काटा मारणे हा आमच्या जिल्ह्यातला जुना आणि सर्वांना मान्य असलेला उद्योग आहे. कोण मारतो हेही सगळ्यांना माहीत असतं आणि त्या माणसांना कुणी काही म्हणत नाही. पण गाड्यांच्या रांगेत बोंब उठली होती की काट्यावर वजन मनानं टाकतात, आणि मंडळाला एक चेहरा हवा होता. कॉम्प्युटरला चेहरा नाही. आहे तो चेअरमनसाहेबांचा. मग क्लार्कचा हात सापडला. त्याला निलंबित केलं, चौकशी समिती नेमली, आणि अध्यक्ष म्हणून तळवा पाहणारेच संचालक बसले. चौकशी मशीनची नाही, क्लार्कची करायची, हे कुणाला ठरवावंच लागलं नाही. संचालक मला म्हणाले, “ताई, तुमी इंजिनेर हाय, बराबर हाय. पर मशीन काय आपल्या मनानं बंद पडतंय? कोन तरी पाडतंय.”

मी सांगितलं की मशीन आपल्या मनानंच बंद पडतं. त्यांनी माझ्याकडे अशा मायेनं पाहिलं की मला आपलं इंजिनिअरिंग खरंच झालंय का, अशी शंका आली.

क्लार्कच्या जागी दुसरा माणूस बसवला, तर काटा त्याच्याही हातून बंद पडला. मंडळानं यातून काय निष्कर्ष काढावा? पहिल्यानं जाताना काहीतरी करून ठेवलंय.

मी नगरला परत आले, दुसऱ्या दोन मशीनांवर तशीच मांडणी केली आणि फोटोही तसाच ठोकला. वजनाची खोटी माहिती भराभर ओतली की दुपारी चहाच्या आत मशीन थिजायचं. फोटो काढला की दिवसभर चालायचं. मी मालकांकडे गेले आणि म्हणाले, फोटो काढून टाकू, काटा बंद पडणार नाही, त्या माणसाची नोकरी वाचेल. मालक खुर्चीत मागे रेलले. छताकडे पाहून म्हणाले, “फोटो काढला तर काटा राहील, पण आपण राहू का?” मग उदारपणे त्यांनी एक तोड सुचवली. फोटो राहू द्यायचा आणि उरलेलं सगळं दुरुस्त करायचं.

म्हणजे कुणा अनोळखी परदेशी माणसांनी लिहिलेला क्लायंटचा कोड कर्जतच्या मुलीनं दिल्ली गेटला बसून सुधारायचा, कारण श्रीगोंद्यात एक फेटा हलवता येत नाही. मी कोड छापून काढला. खाली डॉक्टरांचं दातांचं यंत्र घूं-घूं करायचं, कुणीतरी कळवळून ओरडायचं, आणि वर मी पानं वाचायचे. कधीकधी वाटायचं की खालच्या माणसाचं बरं आहे, त्याचा निदान दात तरी निघतो.

घोटाळा सापडला तेव्हा मी हसले होते, आणि मग मला फार राग आला. क्लायंटला वजन ऑफिसात पाठवायचं असतं. पाठवायला त्याचं पुडकं बांधावं लागतं, आणि पुडकं बांधायला थोडी मेमरी लागते. मेमरी भरलेली असली की क्लायंट मशीनला म्हणतो, थोडी जागा दे. मशीन म्हणतं, देतो की, पण आधी जागा मोकळी करायला हवी, आणि मोकळी करण्याजोगी आहेत ती न पाठवलेली वजनं. ती पाठव, मग जागा होईल. क्लायंट म्हणतो, पाठवायलाच तर जागा मागतोय. दोघंही सभ्य. कुणी आवाज चढवत नाही, कुणी रागावून निघून जात नाही. एकमेकांकडे पाहत जन्मभर उभे राहतात. याला डेडलॉक म्हणतात. एरवी मशीनला टाकून द्यायला दुसरं काहीबाही सापडायचं आणि वेळ निभावून जायची. आता मशीनच्या हातात बाकी काही उरलेलं नव्हतं, कारण उरलेल्या जागेत चेअरमनसाहेब हात जोडून उभे होते.

ही अडचण कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. कुठे, ते दुपारचा डबा खाताना आठवलं. कर्जतला आमच्या विहिरीवर इंजिन जाऊन मोटर आली, तेव्हा पाइपच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, जिला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात, कायम गळकी असायची. पाइपातलं पाणी विहिरीत उतरून जायचं. मोटर पाणी ओढणार, पण ओढायला तिच्या पोटात आधी पाणी ओतायला लागतं. पाणी कुठे? विहिरीत. विहिरीतून कोण काढणार? मोटर. म्हणून आई मोटरीजवळ झाकण लावलेला एक हंडा भरून ठेवायची. त्या हंड्याला कुणी हात लावायचा नाही. तहान लागली तर घरी जाऊन प्यायचं, तोंड धुवायचं तर धुवायचं नाही. मोटर सुरू झाली की पहिल्या पाण्यानं आधी हंडा भरायचा, मग उसाला सोडायचं.

एकदा मामा पाहुणा आला आणि त्यानं त्या हंड्यातल्या पाण्यानं पाय धुतले. नेमकी त्या दिवशी वीज दुपारी आली आणि विहीर भरलेली असून ऊस कोरडा राहिला. आई पुढे कित्येक वर्षं भावाची ओळख करून देताना “हा माझा भाऊ, ह्यानं हंड्यातलं पानी सांडलं” अशीच करून द्यायची. मामा आता आजोबा झाला तरी आमच्या विहिरीकडे जायचं टाळतो.

मी क्लायंटला हंडा दिला. मशीन सुरू होतानाच मेमरीतली थोडी जागा काढून बाजूला ठेवायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही, फोटोनंही नाही. पुडकं बांधायला कुठेच जागा मिळत नाही असं झालं, तरच ती वापरायची. वजन ऑफिसात पोचल्याची पावती आली की आधी ती जागा परत भरून ठेवायची. सांगायला सोपं आहे. करायला मला बरेच दिवस लागले, कारण त्या कोडात पाय धुणारे मामा पुष्कळ होते. प्रत्येक जण मोकळी जागा दिसली की उचलायला टपलेला. एकेकाला हुडकून त्याचा हात धरावा लागला. शेवटी एका दिवशी मशीन सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललं, फोटोसकट. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे एवढी मेमरी नुसती रिकामी पडून राहणार? त्यात व्हाइस चेअरमनचा फोटो बसला असता.”

दुरुस्ती फ्लॉपीवर घेऊन मी एसटीनं कारखान्यावर गेले. मला समितीसमोर दाखवायचं होतं की जुना प्रोग्रॅम कुणाच्याही हातून बंद पडतो. गेटवर क्लार्क भेटला. वॉचमनच्या शेजारी बाकावर बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. मला वाटलं चौकशीला बोलावलं असेल.

“खुलासा द्यायचाय, मॅडम,” तो म्हणाला. “समक्ष मुख्य कार्यालयात येऊन द्या, असं नोटिशीत हाय. न्हाई दिला तर गुन्हा कबूल हाय असं धरनार.”

“मग जा की.”

त्यानं वॉचमनकडे पाहिलं. वॉचमननं जमिनीकडे पाहिलं. “निलंबित मानसाला गेटातून आत सोडायचं न्हाई, असा हुकूम हाय ताई,” वॉचमन म्हणाला. “मी तरी काय करू? रोज येतो बिचारा. च्या पितो आन् जातो.”

खुलासा दिल्याशिवाय आत जाता येणार नाही आणि आत गेल्याशिवाय खुलासा देता येणार नाही. गेले कित्येक दिवस मी हेच कोडमध्ये वाचत होते, पण कोड निदान चहा पाजून परत पाठवत नव्हता. माझ्याजवळ कंपनीच्या माणसांसाठीचे पास होते, एक माझा आणि एक मदतनिसाचा. मदतनीस आमच्याकडे कधीच नव्हता. मालक तो पास रुबाबासाठी ठेवायला सांगत. मी त्यावर क्लार्कचं नाव लिहिलं. वॉचमननं पास उलटसुलट पाहिला, आणि कधी नव्हे ती त्याच्या तोंडावर ड्युटीची खुशी दिसली. “कंपनीचा मानूस व्हय? मंग जाऊ द्या की!”

दुपारी रांग भरली होती. समितीचे अध्यक्ष काट्याच्या खोलीत आले, मागे एक-दोन जण. क्लार्कला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी म्हणाले, हे आज आमचे मदतनीस आहेत, आणि विनंती केली की जुन्या प्रोग्रॅमवर आज आपणच वजनं टाकावीत, म्हणजे मशीन कुणी पाडत नाही हे आपल्या डोळ्यांनी दिसेल.

“माझ्या हातानं पडायचंच न्हाई,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी कळा दाखवल्या. ते एका बोटानं दाबू लागले. गाडी चढायची, साहेबांचं दर्शन व्हायचं, आकडा यायचा, ते बोट दाबायचे आणि मागे वळून बघायचे, बघा, चाललंय की नाही. गाड्या गव्हाणीकडे जात होत्या. क्लार्क भिंतीला टेकून उभा होता.

मग मशीन थिजलं. बोट पुन्हा दाबलं, आणखी जोरात दाबलं, दुसऱ्या हाताचं बोट आणून दाबलं. फोटो हात जोडून हसत होता. बाहेर पहिली रिकामी गाडी परत काट्यावर चढली होती. गाडीवानानं खिडकीतून डोकं घातलं. “काय वं, झालं का वजन?”

“थांब रं जरा,” संचालक म्हणाले. त्यांच्या मानेवर घाम आला होता. “ताई, ह्याचं भरल्यालं वजन कुटं हाय?”

मी म्हणाले, गेलं.

“गेलं म्हंजी? ऊस तर मिलात गेला! आता काय टाकू मी, मनानं टाकू?”

मला तो प्रश्न हवेत जरा लटकू द्यायचा होता. तेवढ्यात भिंतीपासून क्लार्क पुढे आला. त्यानं डावा हात संचालकांपुढे उघडला. तळहातावर त्या दुपारच्या सगळ्या गाड्यांची वजनं एकाखाली एक लिहिलेली होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं लिहिली होती.

संचालकांनी तो हात मनगटाला धरून जवळ ओढला आणि चष्मा वर करून वजन वाचलं. मग पुढच्या गाडीचं वाचलं. एक एक करून सगळ्या रिकाम्या गाड्या त्यांनी काट्याच्या तबकडीवरचा आकडा आणि त्याचा हात बघून कागदावर निभावल्या. ज्या हातासाठी त्याला घरी बसवलं होतं तोच हात धरून ते बसले होते, आणि मला वाटलं आता तरी माणूस लाजेल. माझं वय तेव्हा लहान होतं.

“पटलं,” ते शेवटी म्हणाले. “मशीनच खराब हाय. बसवा तुमची दुरुस्ती.”

“आधी ह्यांना कामावर घ्या. तसं लेखी द्या.”

ते हसले. ऑफिसात निरोप गेला, टाइपिस्टनं पत्र आणलं. मी वाचलं. यंत्रातील तांत्रिक दोष निष्पन्न झाला असून, सदर कर्मचाऱ्यास संशयाचा फायदा देऊन कामावर रुजू करून घेण्यात येत आहे. मला वाटलं चुकून पडलंय. मी म्हणाले, इथे संशयाचा फायदा कशाला? संशय कसला राहिला? तुम्हीच आता त्यांच्या हातावरनं वजनं घेतलीत.

“कायद्याची भाषा आसती ताई ती. तुमाला न्हाई कळायची.”

“मला कळते. निर्दोष लिहा.”

“आधी दुरुस्ती बसवा, मग बघू.”

“आधी पत्र बदला, मग बसवते.”

मशीन थिजलेलंच होतं. मी फ्लॉपी हातात घट्ट धरून उभी राहिले आणि ते खुर्चीत हाताची घडी घालून बसले. दोघंही सभ्य. बाहेर रांग वाढत चालली, कुणीतरी शिवी दिली, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत राहिला. मी हलणार नव्हते. मी बरोबर होते, आणि मला वाटत होतं की बरोबर असणं पुरतं. डेडलॉक सोडवायला आलेल्या बाईनं खोलीच्या मधोमध एक नवाकोरा डेडलॉक करून ठेवला होता, आणि तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

क्लार्क खिडकीतून बाहेर पाहत होता. मग तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “बसवा मॅडम.”

“पत्र बदलल्याशिवाय नाही बसवणार. तुमच्यासाठीच चाललंय हे.”

“म्हायती हाय मला. पर बैलं उनात उभी हायत कवाची. गाडीवानाचं काय चुकलं?” त्यानं टेबलावरचं पत्र उचललं, घडी केली आणि पेनांच्या मागे खिशात ठेवलं. “मला चालंल हे. बसवा.”

मी बसवली. मशीन सुरू झालं, वजनं जाऊ लागली, रांग सरकली. संचालक उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा करून गेले. मला रडू येत होतं, आणि रडले असते तर मुलगी घाबरली असं म्हणाले असते, म्हणून मी केबल तपासत टेबलाखाली बसून राहिले. हंडा मी मशीनला दिला होता. त्या खोलीत एकाच माणसानं स्वतःजवळचं काढून ओतलं, आणि त्याच्याजवळच सगळ्यांत कमी होतं. त्याचा मला आजही संताप येतो. आणि पत्र फाडून टाकायच्या ऐवजी मी त्याचं ऐकलं, हेच बरोबर होतं, याचाही.

त्या हंगामात काटा पुन्हा बंद पडला नाही. पत्रही बदललं नाही.

पुढच्या हंगामाच्या आधी मी एकदा देखभालीला गेले. आता मशीन अडत नाही म्हटल्यावर मंडळानं फोटो मोठा करून घेतला होता. आधी नुसते जोडलेले हात दिसायचे, आता त्या हातांतल्या अंगठ्याही दिसत होत्या. खाली खुर्चीत क्लार्क बसला होता. मी चहा घेत असताना दारात ते संचालक आले. क्लार्क उभा राहिला. नमस्कार करेल असं मला वाटलं. त्यानं सवयीनं दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून, बोटं पसरून, कोरे आहेत हे नीट दिसेल असे. संचालकांनी पाहिलं, मान हलवली आणि विचारलं, “चहा झाला का ताई?” मग क्लार्क खाली बसला आणि त्यानं पुढची गाडी घेतली.